आंतरवासितेच्या शाळेतून परत पाठवले गेल्यास: छात्राध्यापकांसाठी सविस्तर मार्गदर्शन

"उद्यापासून शाळेत येऊ नका," हे वाक्य मुख्याध्यापकांच्या दालनात ऐकून बाहेर पडलेला छात्राध्यापक, म्हणजे बी.एड.चा विद्यार्थी, सहसा दोहोंपैकी एक गोष्ट करतो. एक तर तो थेट बसस्थानक गाठून गावाकडची एसटी पकडतो आणि आठ-दहा दिवस महाविद्यालयाचा फोन उचलत नाही, किंवा त्याच संध्याकाळी वर्गाच्या व्हॉट्सॲप गटावर शाळेबद्दल मनात येईल ते लिहून मोकळा होतो. मराठवाड्यातील एका अध्यापक महाविद्यालयात आंतरवासितेचे, म्हणजे छात्राध्यापकांनी शाळेत जाऊन करायच्या अध्यापनाच्या सरावाचे, समन्वयन करताना ही दोन्ही दृश्ये मी अनेकदा पाहिली आहेत. ज्यांचे वर्ष वाया गेले त्यांच्यापैकी बहुतेकांचे ते मूळ चुकीमुळे गेले नाही. या पहिल्या आठवड्यातील मौनामुळे किंवा उतावीळपणामुळे गेले. म्हणून पुढील मजकूर कामाच्या क्रमाने लिहिला आहे.

नेमके कोणी काय ठरवले आहे

सर्वप्रथम एक फरक स्पष्ट समजून घ्यावा. शाळेचे मुख्याध्यापक तुम्हाला त्यांच्या शाळेत येण्यास मनाई करू शकतात. तुम्हाला आंतरवासितेत अनुत्तीर्ण ठरवण्याचा किंवा बी.एड.मधून काढून टाकण्याचा अधिकार त्यांना नाही. तुम्ही विद्यार्थी आहात ते महाविद्यालयाचे, आणि परीक्षा विद्यापीठाची आहे. छत्रपती संभाजीनगर, जालना, बीड व धाराशिव या जिल्ह्यांतील महाविद्यालये डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठाच्या कक्षेत येतात, तर नांदेड, परभणी, हिंगोली व लातूर येथील महाविद्यालये स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाच्या. आंतरवासितेच्या गुणांचा आणि ती पुन्हा पूर्ण करण्याचा निर्णय महाविद्यालयाने विद्यापीठाच्या अभ्यासक्रमानुसार घ्यायचा असतो. शाळेचे दार बंद होणे ही एक घटना आहे आणि महाविद्यालयाचा निर्णय ही दुसरी. पहिली घडून गेली असली तरी दुसरी अद्याप व्हायची असते, आणि तीवर तुमच्या वागण्याचा परिणाम होऊ शकतो.

यात वेळेचा हिशेब फार कडक आहे. राष्ट्रीय अध्यापक शिक्षा परिषदेच्या 2014 च्या विनियमांनुसार दोन वर्षांच्या बी.एड.मध्ये किमान 20 आठवड्यांची आंतरवासिता आहे: पहिल्या वर्षी 4 आणि दुसऱ्या वर्षी 16 आठवडे. इतर अभ्यासक्रमाला 80 टक्के उपस्थिती पुरते, आंतरवासितेला मात्र 90 टक्के लागते. सहा दिवसांचा आठवडा धरला तर 16 आठवड्यांचे 96 दिवस होतात आणि त्यांपैकी 87 दिवस हजर राहावे लागते. सुट्ट्यांमुळे आकडे थोडे बदलतील, पण चुकवता येणारे दिवस जेमतेम नऊच उरतात. शाळेने परत पाठवल्यावर जो दोन आठवडे घरी रुसून बसतो, त्याची मूळ चूक क्षुल्लक असली तरी उपस्थितीचा प्रश्न त्याने स्वतःच्या हाताने उभा केलेला असतो. शिवाय हा अभ्यासक्रम प्रवेशाच्या तारखेपासून जास्तीत जास्त तीन वर्षांत पूर्ण करावा लागतो. म्हणजे एक वर्ष लांबले तरी पदवी हातची जात नाही, मात्र दुसऱ्यांदा लांबण्यास जागा राहत नाही.

पहिले दोन दिवस

शाळेतून निघताना तुमच्याकडे असलेल्या उत्तरपत्रिका, मुलांच्या वह्या, ग्रंथालयाची पुस्तके, प्रयोगशाळेची किल्ली, जे काही असेल ते मार्गदर्शक शिक्षकांकडे किंवा कार्यालयात सुपूर्द करावे आणि शक्य असल्यास एका कागदावर त्याची पोच घ्यावी. ते नंतर देऊ म्हणून घरी नेले, तर पुढे त्याचीच तक्रार होते. स्वतःचे सामान मात्र सोडून येऊ नये. पाठांची टाचणे (पाठ कसा घेणार याचे लेखी नियोजन), निरीक्षण वही, मार्गदर्शक शिक्षकांच्या शेऱ्यांची पाने आणि तुमच्या स्वाक्षऱ्या असलेल्या हजेरीपटाची छायाप्रत हीच पुढे तुमची बाजू सांगणार आहेत.

शाळेत तुमच्यापुढे एखादा कागद स्वाक्षरीसाठी ठेवला गेला, तर तो पूर्ण वाचावा. "मी स्वेच्छेने आंतरवासिता सोडत आहे" अशा आशयाचा मजकूर पुष्कळदा सर्वांची सोय म्हणून पुढे केला जातो, आणि गोंधळलेला विद्यार्थी त्यावर सही करून मोकळा होतो. तसे घडले नसेल तर सही करू नये. "महाविद्यालयाशी बोलून कळवतो" एवढे नम्रपणे सांगावे. पत्र केवळ मिळाल्याची सही मागितली असेल, तर "प्रत मिळाली" असे लिहून तारीख घालून सही करण्यास हरकत नाही.

त्या रात्री झोपण्यापूर्वी घडलेला प्रकार तारीख, तासिका, वर्ग आणि उपस्थित व्यक्ती यांसह वहीत लिहून काढावा. स्वतःची चूक झाली असेल तर तीही तिथेच लिहावी, कारण ही वही कोणाला दाखवण्यासाठी नाही. तिसऱ्या दिवशी आठवण तुमच्या बाजूला झुकू लागते, त्याआधी घडलेले जसेच्या तसे कागदावर यावे एवढाच तिचा हेतू आहे. मुलांची नावे लिहिली असतील तर ती वही कोणाच्या हाती पडू देऊ नये. गटावर, स्टेटसवर किंवा फेसबुकवर एक अक्षरही लिहू नये. शाळेत शिकणारा मुलगा, त्याचे पालक, संस्थेचे संचालक आणि तुमचे प्राचार्य हे तालुक्याच्या गावी एकमेकांना ओळखत असतात, हे आपल्याकडे कोणाला वेगळे सांगायला नको.

दुसऱ्या दिवशी, शनिवार-रविवार आडवा आला तर सोमवारी, महाविद्यालयात जाऊन आंतरवासिता समन्वयकांना प्रत्यक्ष भेटावे. शाळेचा फोन त्यांना आधीच आलेला असतो, आणि तुमच्याकडून काही कळण्यापूर्वीचा प्रत्येक तास ते एकाच बाजूने विचार करत असतात.

लेखी अर्ज आणि पोच

तोंडी बोलणे झाल्यावर प्राचार्यांच्या नावे अर्ज द्यावा. तो एका पानाच्या आत असावा आणि त्यात शाळेवर आरोप नसावेत. विषय असा लिहिता येईल: "आंतरवासिता खंडित झाल्याबाबत लेखी कारण व पुढील सूचना मिळणेबाबत." मजकूर साधारण पुढीलप्रमाणे असावा: "मी बी.एड. द्वितीय वर्षाचा विद्यार्थी असून दिनांक अमुकपासून अमुक शाळेत आंतरवासिता करीत होतो. दिनांक अमुक रोजी मा. मुख्याध्यापकांनी मला शाळेत न येण्याबाबत तोंडी सांगितले. याबाबत शाळेकडून महाविद्यालयास पत्र प्राप्त झाले असल्यास त्याची प्रत मला मिळावी, माझे म्हणणे मांडण्याची संधी द्यावी आणि पूर्ण झालेले दिवस ग्राह्य धरून उर्वरित आंतरवासितेसाठी पर्यायी शाळा द्यावी, ही विनंती." अर्जाच्या दोन प्रती कराव्यात, एक आवक विभागात द्यावी आणि दुसरीवर शिक्का, आवक क्रमांक व तारीख घेऊन ती स्वतःजवळ ठेवावी. "पोच कशाला हवी, आम्ही आहोत की," असे लिपिक प्रेमाने म्हणतील. तरीही ती घ्यावी. माझ्या अनुभवात असे अर्ज हरवतात ते कोणाच्या दुष्टपणामुळे नव्हे, तर टेबलावरच्या गठ्ठ्यांमुळे, आणि ज्याच्याकडे आवक क्रमांक असतो त्याचाच अर्ज पुन्हा सापडतो.

कारण कोणते, त्यावर पुढचे पाऊल

सर्वांत सामान्य कारण उशिराचे आणि गैरहजेरीचे असते. गेवराई, औंढा किंवा भूमच्या पुढच्या एखाद्या वस्तीवरून सकाळच्या शाळेला पोहोचणारा विद्यार्थी एसटीच्या एका फेरीवर अवलंबून असतो, आणि ती फेरी रद्द झाली की परिपाठ चुकतो. कारण खरे असले तरी शाळेला ते प्रत्येक वेळी आधी कळले होते काय, हा प्रश्न विचारला जाणारच. अशा विद्यार्थ्याने नुसती अडचण सांगू नये, तर तोडगाही सोबत न्यावा: उरलेल्या आठवड्यांपुरती शाळेच्या गावी खोली, किंवा घराजवळची शाळा.

दुसरे कारण तयारीचे. टाचणावर आधी सही घेतली नाही, शैक्षणिक साहित्य नव्हते, आशयातच चूक झाली, असे शेरे निरीक्षण वहीत असतात. ती वही शांतपणे पहिल्या पानापासून वाचावी आणि एकच शेरा तीनदा आला असेल, तर तो खरा मानून चालावे. येथे थोडे थांबून सांगितले पाहिजे, कारण "वर्गनियंत्रण नाही" या शेऱ्यामागे पुष्कळदा नियंत्रणापेक्षा वेगळेच काही असते. महाविद्यालयात आपण पाठ बसवतो तो सहाध्यायांसमोर. प्रत्यक्ष वर्गात मात्र दिवाळीनंतर आई-वडिलांबरोबर ऊसतोडीला जाऊन आलेली मुले असतात, घरी गोरमाटी (बंजारा बोली) किंवा दखनी बोलणारी मुले असतात, आणि ज्यांचा मागचा घटकच राहून गेला आहे अशीही असतात. तांड्यावरच्या मुलाला पाठ्यपुस्तकातला एखादा शब्द अडला की तो शेजाऱ्याला विचारतो, शेजारी तिसऱ्याला सांगतो, आणि मागे बसलेल्या निरीक्षकाला तो गोंगाट वाटतो. तुमचे टाचण कोणत्या वर्गासाठी लिहिले होते, समोरच्या की मनातल्या, हे स्वतःला विचारावे. पूर्वज्ञानाच्या पायरीवर चार मुलांना काय येते हे आदल्या दिवशी मधल्या सुट्टीत विचारून ठेवले असते, तर कितीतरी पाठ कोसळले नसते.

याच्या उलट अशीही परिस्थिती असते की शिक्षकांची पदे रिक्त असल्यामुळे छात्राध्यापकाकडे पहिल्याच आठवड्यात पूर्ण वर्ग सोपवला जातो, कोणी मागे बसत नाही, आणि पुढे गोंधळ झाला की दोष त्याच्या माथी येतो. विनियमांत आंतरवासितेच्या सुरुवातीला एक आठवडा नियमित शिक्षकांच्या वर्गाचे निरीक्षण करण्यासाठी ठेवला आहे आणि प्राध्यापकांकडून पाठांचे निरीक्षण व प्रत्याभरण (पाठ कसा झाला याबद्दलचा अभिप्राय) अपेक्षित आहे. हे मिळाले नसेल तर तसे अर्जात तारखांसह नोंदवावे. तक्रारीच्या सुरात लिहिण्याची आवश्यकता नाही. "या कालावधीत माझ्या किती पाठांचे निरीक्षण झाले याची नोंद सोबत जोडली आहे," एवढे वाक्य पुरते.

तिसरा प्रकार गंभीर आहे. मुलावर हात उगारला, उठाबशा काढायला लावल्या, जातीवरून किंवा घरच्या परिस्थितीवरून टोमणा मारला, मुलींची छायाचित्रे काढून समाजमाध्यमांवर टाकली, अशा कारणाने पाठवणी झाली असेल, तर शाळेने आकस धरला असे म्हणत बसू नये. शिक्षण हक्क कायदा, 2009 च्या कलम 17 ने मुलांना शारीरिक शिक्षा करण्यास आणि त्यांचा मानसिक छळ करण्यास मनाई केली आहे, आणि "आम्हीही मार खाऊनच शिकलो" हा बचाव तेथे चालत नाही. घडले असेल तर ते प्राचार्यांसमोर कबूल करावे, आणि पुढे काय वेगळे करणार हे सांगावे. कबुलीनंतर मिळालेली दुसरी संधी मी पाहिली आहे. नाकारून पुढे सिद्ध झालेल्या प्रकरणात ती मिळालेली पाहिली नाही. आरोप बालकांच्या लैंगिक अत्याचारासंबंधीच्या, म्हणजे पॉक्सो कायद्याच्या कक्षेतील असेल, तर त्या मुलाशी, त्याच्या पालकांशी किंवा साक्षीदारांशी कोणताही संपर्क साधू नये, मध्यस्थ पाठवू नये आणि ताबडतोब वकिलाचा सल्ला घ्यावा. प्रत्येक जिल्हा न्यायालयात जिल्हा विधी सेवा प्राधिकरण असते. स्त्रिया तसेच अनुसूचित जाती व जमातींच्या व्यक्तींना तेथे उत्पन्नाची अट न लावता मोफत विधी साहाय्य मिळते, इतरांना उत्पन्नाच्या मर्यादेत मिळते.

चौथा प्रकार असा, की दोष छात्राध्यापकाचा नसतोच. शाळेतील कोणाच्या गैरवर्तनाला विरोध केल्यामुळे विद्यार्थिनीला परत पाठवले गेले असेल, तर विषय आंतरवासितेपुरता राहत नाही. महाविद्यालयाच्या अंतर्गत तक्रार समितीकडे लेखी तक्रार करावी. जातीय भेदभाव असेल तर तो तशाच शब्दांत लिहावा, "गैरसमज झाला" असे सौम्य करू नये.

दाद कोठे आणि केव्हा मागावी

महाविद्यालयाने ऐकूनच घेतले नाही, किंवा शाळेच्या तोंडी निरोपावरून अनुत्तीर्ण ठरवले, तर विद्यार्थी तक्रार निवारण समितीकडे जावे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2023 च्या विनियमांनुसार या समितीने तक्रार मिळाल्यापासून शक्यतो 15 कामकाजी दिवसांत अहवाल द्यायचा असतो. निर्णय मान्य नसल्यास तो मिळाल्यापासून 15 दिवसांच्या आत विद्यापीठाच्या लोकपालांकडे अपील करता येते. म्हणूनच प्रत्येक कागदावर मिळाल्याची तारीख टाकण्याची सवय लावावी. शाळेचे पत्र किंवा गुणांचा तपशील देण्यास टाळाटाळ होत असेल आणि महाविद्यालय अनुदानित असेल, तर माहिती अधिकारात 10 रुपयांच्या शुल्कासह अर्ज करता येतो. त्याला 30 दिवसांची मुदत असते.

तरीही माझे मत असे आहे की ज्या प्रकरणात पर्यायी शाळा मिळत आहे, तेथे आधी ती स्वीकारावी आणि मग हवे तर तक्रार चालू ठेवावी. न्याय मिळेपर्यंत आंतरवासिता करणार नाही, असा पण केलेल्या एका विद्यार्थ्याच्या बाजूने शेवटी निर्णय लागला, परंतु तोवर शाळा परीक्षांना लागल्या होत्या आणि पाठ घ्यायला वर्गच उरले नव्हते.

घरी सांगणे

हे काम अर्जापेक्षा अवघड आहे. ज्या घरातून पहिलाच मुलगा किंवा मुलगी शिक्षक होण्यासाठी निघाली आहे, तेथे "शाळेतून काढले" हे शब्द "कॉलेजातून काढले" असेच ऐकू जातात. म्हणून सांगताना आधी काय बुडाले नाही ते सांगावे: "अण्णा, एका शाळेनं मला परत पाठवलंय. कॉलेज चालूच आहे, फीही वाया गेली नाही. दुसरी शाळा मिळेपर्यंत दोन-तीन आठवडे जातील. उद्या सरांना भेटतोय." मग काय चुकले तेही सांगावे, कारण ते दुसऱ्याकडून कळले तर पुढचे काहीच खरे वाटत नाही.

विद्यार्थिनींच्या बाबतीत आणखी एक धोका असतो, आणि तो उघड बोलला जात नाही. आंतरवासिता खंडित झाली की "पुरे झाले आता शिक्षण" म्हणून स्थळे पाहण्यास सुरुवात होते. तशी शंका असेल तर घरी सांगण्यापूर्वी महाविद्यालयातील एखाद्या मॅडमना विश्वासात घ्यावे आणि त्यांनाच वडिलांशी फोनवर बोलण्याची विनंती करावी. पर्यायी शाळेचे नाव व रुजू होण्याची तारीख हाती असेल, तर ते संभाषण निम्म्याने सोपे होते.

झोप लागत नाही, जेवण जात नाही, जगणे नकोसे वाटते, असे होऊ लागले तर ते "मनाला लावून घेणे" म्हणून सोडून देऊ नये. टेली-मानस ही शासनाची सेवा 14416 या क्रमांकावर रात्रंदिवस विनामूल्य उपलब्ध आहे आणि तेथे मराठीत बोलता येते. तोवर एकटे न राहता वसतिगृहातील मित्राला सोबत झोपायला बोलवावे.

दुसऱ्या शाळेत रुजू होताना

पर्यायी शाळा मागताना शालेय वर्षाचे वेळापत्रक समोर ठेवावे. मराठवाड्यात शाळा जूनच्या मध्यावर उघडतात. 17 सप्टेंबरच्या मुक्तिसंग्राम दिनापर्यंत अध्यापन सलग चालते, दिवाळीपूर्वी सत्र परीक्षा येते, आणि जानेवारीत दहावीच्या सराव परीक्षा सुरू झाल्या की माध्यमिक वर्ग छात्राध्यापकाच्या हाती कोणी देत नाही. नोव्हेंबरात परत आलेल्या विद्यार्थ्याने म्हणून नववीच्या तासिका आधी मागून घ्याव्यात आणि सहावी ते आठवीचे पाठ जानेवारीनंतर ठेवावेत. दोन स्तरांवर अध्यापन अपेक्षित असल्याने पहिल्या शाळेत कोणत्या स्तराचे किती पाठ झाले हे आधी मोजावे, नाहीतर शेवटी एकाच स्तराचे पाठ दुप्पट भरतात आणि दुसऱ्याचे कमी पडतात.

नव्या मार्गदर्शक शिक्षकांना पहिल्या शाळेची हकीकत सांगावी की लपवावी, असे प्रत्येक जण विचारतो. ती त्यांच्यापर्यंत पोहोचणारच असते, म्हणून पहिल्याच दिवशी आणि दोन-तीन वाक्यांतच सांगावी: "मागच्या शाळेत माझे पाठ वेळेवर तयार नसायचे, म्हणून मला परत पाठवले. या वेळी दोन दिवस आधी टाचण दाखवीन. कमी पडलो तर त्याच दिवशी सांगा." एवढे बोलून थांबावे; जुन्या मुख्याध्यापकांचा स्वभाव येथे वर्णन करू नये. पहिले तीन दिवस शिकवण्याची घाई न करता मागच्या बाकावर बसावे, मुलांची नावे पाठ करावीत, आणि पहिला पाठ लहान घटकाचा घ्यावा. प्रत्येक शनिवारी मार्गदर्शक शिक्षकांकडून आठवड्याचा एक ओळीचा शेरा तारखेसह लिहून घ्यावा. तो प्रतिकूल असला तरी घ्यावा, कारण सोळाव्या आठवड्यात अचानक कळण्यापेक्षा तिसऱ्या आठवड्यात कळलेले दुरुस्त करता येते.

नोकरीच्या काळजीबद्दल थोडक्यात: आज शिक्षकभरती पवित्र पोर्टलवरून अभियोग्यता चाचणीच्या गुणांच्या आधारे होते आणि तेथे पदवी व पात्रता परीक्षा पाहिली जाते. खासगी संस्थेच्या मुलाखतीत कोणी विचारलेच, तर नव्या मार्गदर्शक शिक्षकांना सांगितलेली तीच दोन-तीन वाक्ये पुरतात. आणि दुसऱ्या शाळेत महिनाभर काढल्यावरही सकाळी वर्गाकडे पाऊल टाकणे नकोसे वाटत असेल, तर पदवी पूर्ण करून वेगळे क्षेत्र निवडण्यात कमीपणा नाही. मात्र तो निर्णय पाठवणीच्या आठवड्यात घेऊ नये.

आंतरवासिता संपेल त्या दिवशी दोन प्रमाणपत्रे हाती असावीत: पहिल्या शाळेतील पूर्ण झालेल्या दिवसांचे आणि दुसऱ्या शाळेतील उर्वरित दिवसांचे. पहिल्या शाळेत पुन्हा जाणे जड वाटत असल्यास महाविद्यालयामार्फत पत्र पाठवून ते मागवावे. दोन्हींवर दिनांक, एकूण उपस्थिती, घेतलेल्या पाठांची संख्या, मुख्याध्यापकांची स्वाक्षरी, गोल शिक्का आणि जावक क्रमांक आहे का हे तेथेच उभे राहून तपासावे, दोन छायाप्रती काढाव्यात आणि मूळ प्रती आंतरवासिता अहवालाला जोडून अहवाल जमा केल्याची पोच घ्यावी.